लिंक्सला लावलेलं उटणं

आडनाव घोरपडे आणि सगळी उमेद वाहिली मांजरांपायी. नीलांबरीची ओळख करून देताना मी हे वाक्य टाकतेच आणि ती चिडतेच. "राधिका, लिंक्सला नुसतं मांजर म्हणू नकोस गं," असं म्हणून ती समोरच्या बिचाऱ्याला धरून बसवते. लिंक्सच्या कानांवर काळ्या केसांचे झुपके असतात, पंजे एवढे रुंद असतात की भुसभुशीत बर्फातही पाय रुतत नाही, ससा दिसला की तो कसा दबा धरतो, हे सगळं ऐकून तो माणूस सुटतो तेव्हा त्याचा चहा गार झालेला असतो.

यंदा, २००८ च्या ऑगस्टपासून, ती मोंटानातल्या एका विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर आहे. विषय वन्यजीव संवर्धनाचं जनुकशास्त्र. म्हणजे जंगलातून केस, विष्ठा, पिसं गोळा करायची आणि त्यातल्या डीएनएवरून प्राणी ओळखायचा, किती उरलेत ते मोजायचं, कोण कुणाचं लागतं ते शोधायचं. सिएटलजवळच्या आमच्या रेडमंडच्या शोभाकाकू हेच काम इथल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत कित्येक वर्षं करत आल्या आहेत, तेही डीएनएशिवाय.

शोभाकाकूंनीच आम्हा दोघींची गाठ घालून दिली. २००१ साली मी नागपूरहून येऊन इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागले होते आणि अपार्टमेंटमध्ये एक खोली रिकामी होती. काकूंचा फोन आला, "सांगलीची मुलगी आहे, झूलॉजी केलंय, सिएटलला पीएचडीला आलीय. शांत आहे." काकूंचं शांत म्हणजे काय ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. फ्रीजर उघडला तर माझ्या पोळ्यांशेजारी एक पिशवी. मी विचारलं, तर ही खिचडी ढवळत म्हणाली, "हात नको लावू, अस्वलाची आहे." अस्वलाची काय, हे मी पुढं विचारलं नाही. तिनं सांगितलंच. मी त्या रात्री जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी पिशवी लॅबच्या फ्रीजरमध्ये हलवायला लावली.

तिच्याइतकी उत्साही बाई मी पाहिलेली नाही. आमच्याकडं हिवाळ्यात पाऊस आठवडेच्या आठवडे थांबत नाही, सगळं गाव सुतकी तोंडानं ऑफिसला जातं. ही बसला धावत जायची आणि धावत परत यायची. "राधिका, आज जेल चाललं!" "राधिका, आज प्रायमर आले!" मला यातलं काही कळत नसे, पण तिच्या ओरडण्यानं माझाही चेहरा हसरा व्हायचा, आणि मी काही सहजासहजी हसणारी नाही.

बाकी सगळ्यांचं म्हणणं एकच: टेस्टिंग कर. तेव्हा रेडमंडमध्ये कुणाही मराठी मुलीला हाच सल्ला मिळायचा. डॉक्टर असो, वकील असो, भरतनाट्यम शिकलेली असो, तीन महिन्यांचा कोर्स आणि लाग टेस्टिंगला. मीही म्हटलं. ती म्हणाली, "करेन की. लिंक्स नाही सापडले तर करेन." ते हसण्यावारी गेलं, पण पुढं ते तसंच्या तसं अंगावर आलं.

झालं असं होतं. पहिल्याच हिवाळ्यात कॅस्केड पर्वतातल्या एका खोऱ्यात तिनं बर्फावर पावलं पाहिली. बशीएवढी, गोल, नखांचा ठसा नसलेली. कॅमेरा काढेपर्यंत वरून इतका बर्फ पडला की फोटोत नुसते खळगे आले. पण तिनं पाहिलं ते पाहिलं. त्या खोऱ्यात लिंक्स राहतात, हाच आपला प्रबंध, असं तिनं ठरवून टाकलं. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं, कारण तिच्या गाइड डॉक्टर लिंडक्विस्ट. उंच, कोरड्या, एक वाक्य दोनदा न बोलणाऱ्या. त्यांनी स्वतः तरुणपणी त्याच खोऱ्यात तीन हिवाळे काढले होते. हाती काहीच आलं नव्हतं, आणि 'या खोऱ्यात लिंक्स उरलेले नाहीत' हा निष्कर्ष त्यांनीच छापला होता. त्या खोऱ्यावर पुढं जे जे लिहिलं गेलं, ते या एका वाक्यावर उभं होतं.

"पाऊल म्हणजे पुरावा नव्हे," त्या नीलांबरीला म्हणाल्या. "केस आण."

केस आणायची पद्धत साधी आहे. जाड गालिच्याच्या तळहाताएवढ्या तुकड्याला उलट्या खिळ्यांचे दात बसवायचे, वासाचं आमिष चोपडायचं आणि तो झाडाच्या बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर ठोकायचा. लिंक्स आला, वास आवडला, की आपल्या घरातल्या मांजरासारखा गाल घासतो. दोनचार केस दातांत अडकतात. केसाच्या मुळाशी डीएनए असतो. आमिष ठरलेलं असे: बीव्हर नावाच्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या ग्रंथीचा अर्क आणि कॅटनिप, म्हणजे मांजरांना वेड लावणारा पुदिन्यासारखा पाला.

नीलांबरीनं तीन वर्षं हे केलं. अस्वलं आली आणि तुकडे फाडून गेली. खारी आल्या. एकदा कुणाचा तरी कुत्रा आला. लिंक्स आला नाही. २००४ च्या ऑक्टोबरात तिच्या पीएचडीच्या कमिटीनं तिला समोर बसवून सांगितलं, हा हिवाळा शेवटचा. एप्रिलपर्यंत काही मिळालं नाही तर मास्टर्सची डिग्री घे आणि मोकळी हो. त्या दिवशी ती बसमधून उतरून चालत घरी आली. धावली नाही. टेस्टिंगचा सल्ला देणारी मी, पण आता ही खरंच टेस्टिंगला आली तर ते मला बघवणार नव्हतं.

मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीला सकाळी आंघोळीसाठी नीलांबरी उटण्याची वाटी घेऊन बाथरूममध्ये गेली. सांगलीहून तिची आई दरवर्षी घरचं उटणं पाठवते. आणि एकदम आतून किंकाळी.

मी धावले. नीलांबरी टॉवेल गुंडाळून, चेहरा मातकट उटण्यानं माखलेला, टबच्या काठावर बसली होती. खाली फरशीवर आमचा भाऊसाहेब. हा एक पिवळा धिप्पाड बोका, आधीचा भाडेकरू मागं सोडून गेलेला. मनधरणी केल्याशिवाय जागचा हलत नसे म्हणून मी त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं होतं. नीलांबरीनं त्याला सगळ्या जातींचा कॅटनिप हुंगवून पाहिला होता, त्यानं ढुंकून पाहिलं नव्हतं. तो भाऊसाहेब आता उटण्याच्या सांडलेल्या वाटीवर गाल घासत होता. लाळ गळत होती. पाठीवर लोळत होता, परत उठून गाल घासत होता.

"राधिका," ती कुजबुजली, "गाल बघ त्याचा. गाल बघ!"

"वाटी फुटेल, बाप्पा!"

"फुटू दे! अगं, तो गाल घासतोय!"

उटण्याच्या चेहऱ्यानंच तिनं सांगलीला फोन लावला. "आई, उटण्यात काय काय घालतेस?"

"का गं, पुरळ आलं का अंगावर?"

आईनं मग सांगितलं. मुलतानी माती, चंदन, वाळा, नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल आणि जटामांसी. जटामांसीपाशी नीलांबरी थांबली. आईला "थांब थांब" म्हणत तिनं पुस्तकांच्या ढिगातून एक जाडजूड ठोकळा ओढला, आणि पान सापडल्यावर ती जागच्या जागी उड्या मारायला लागली. जटामांसी आणि व्हॅलेरियन एकाच कुळातल्या वनस्पती, आणि ज्या मांजरांना कॅटनिपचं काही वाटत नाही त्यातल्या पुष्कळांना व्हॅलेरियनचा वास आवडतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन वर्षं ही बाई बीव्हरच्या ग्रंथी हुंगत हिंडली, आणि औषध आमच्या बाथरूममध्ये.

"मग किलोभर मागव आईकडून," मी म्हटलं.

"छे! जटामांसी हिमालयातून संपत चाललीय. लिंक्स वाचवायला जटामांसी संपवू? इथं लोकांच्या घरी पडलेलं असेल ना जुनं, ते गोळा करू."

आणि पडलेलं होतंच. आया आणि सासवा दरवर्षी उटणं पाठवतात, आणि इथं दिवाळीच्या सकाळी कुणाला वेळ असतो? शॉवर घेतात आणि मीटिंगला पळतात. नीलांबरीनं शोभाकाकूंना फोन केला, काकूंनी इथल्या मराठी मंडळाच्या सगळ्या बायकांना केला, आणि रेडमंडपासून बेलव्ह्यूपर्यंतच्या कपाटांतून पुड्या निघाल्या. फक्त निरोप जाता जाता त्यातलं लिंक्स गळून पडलं आणि नीलांबरीला भरपूर उटणं हवंय एवढंच उरलं. आता मराठी माणसाला लग्नाच्या वयाच्या मुलीसाठी भरपूर उटणं म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? दोनच दिवसांत टेक्सासहून, फ्रिस्कोच्या माझ्या मावसबहिणीचा फोन.

"काय गं, सांगायचं नाही होय? मुलगा करतो काय?"

"जंगलात असतो," मी म्हटलं. "अजून कुणाला दिसलेला नाही."

शोभाकाकू तर पुडीबरोबर साडी घेऊन आल्या. नीलांबरीनं त्यांना सोफ्यावर बसवून लिंक्सबद्दल सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असू दे. साडी राहू दे. उपयोगी पडेल."

मग परीक्षा. प्रत्येक पुडीतलं चिमूटभर उटणं बशीत घालून भाऊसाहेबांपुढं ठेवायचं. दुकानातली छापील पाकिटं त्यांनी नाकारली, त्यात नुसतं अत्तर. घरच्या कुटलेल्या पुड्यांवर मात्र ते तुटून पडले. मी ऑफिसात दिवसभर टेस्टिंग करायची आणि घरी आले की हा माझ्यापेक्षा जास्त मन लावून टेस्टिंग करत बसलेला. निवडलेलं उटणं नीलांबरीनं ग्लिसरीनमध्ये कालवलं, गालिच्याच्या तुकड्यांना फासलं आणि डिसेंबरात जाऊन खोऱ्यात ठोकून आली. अस्वलं तेव्हा झोपलेली असतात, तेवढाच एक त्रास कमी.

जानेवारीच्या फेरीत काही नाही. फेब्रुवारीच्या फेरीला तिचा जोडीदार आजारी पडला आणि ती माझ्यापुढं हात जोडून उभी. "प्लीज यार, एकटीला जायला परवानगी नाही."

मी नागपूरची. उन्हात कितीही चालेन, पण बर्फात? गेले. पायांना टेनिसच्या रॅकेटीसारखे सांगाडे बांधून फेंगड्या चालीनं मी दिवसभर तिच्यामागं चालले आणि मनातल्या मनात तिला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. तुकडा आला की ती भिंग लावून बघायची, मान हलवायची, पुढं. पुन्हा तुकडा, पुन्हा मान. दुपार कलायला लागली. आणि मग एका वळणावर मला वास आला. सगळीकडं बर्फ, फर जातीची काळी झाडं, आणि त्यात अभ्यंगस्नानाचा वास. मला एकदम रडू आलं, खोटं कशाला सांगू.

नीलांबरी झाडापाशी वाकली होती. ती हलेना.

"काय झालं?"

"श्वास सोडू नकोस! तुझा डीएनए नकोय मला! मागं हो!"

मी मागं झाले. गालिच्याचा तो तुकडा लोंबत होता, आणि खिळ्यांच्या दातांत केस होते. फिकट, करडे, टोकाला काळे, पुंजकेच्या पुंजके. नुसतं घासलं नव्हतं, अंगाला लावून घेतलं होतं कुणीतरी! बुंध्याभोवतीचा बर्फ लोळून लोळून सपाट झालेला. नीलांबरीनं हातमोज्यावर दुसरे हातमोजे चढवले, चिमट्यानं केस उचलून पाकिटात ठेवले, पाकीट बंद केलं, खिशात ठेवलं, खिशाची चेन लावली, आणि मग ती अशी ओरडली की पलीकडच्या फांदीवरचा बर्फ धपकन खाली पडला. मीही ओरडले. पुढच्या दोन तुकड्यांवरही केस! आम्ही दोन बायका त्या खोऱ्यात वेड्यासारख्या नाचलो, आणि पायांत ते सांगाडे असल्यामुळं दोघीही तोंडावर पडलो.

लिंडक्विस्टबाईंनी केस पाहिले आणि म्हणाल्या, "बॉबकॅटही असू शकेल." बॉबकॅट हा लिंक्सचा चुलतभाऊ, तिकडं सगळीकडं असतो, आणि केसांवरून दोघांत फरक सांगता येत नाही. डीएनए काढावा लागतो. नीलांबरीनं काढला, आणि निकाल कोरा. लिंक्स नाही, बॉबकॅट नाही, काहीच नाही. पुन्हा केला, पुन्हा कोरा. निम्मे केस संपले.

तिनं उरलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवले आणि मला लॅबमधून फोन केला. "राधिका, केस पिवळे दिसतायत."

"मग? आंबेहळद आहे ना त्यात."

पलीकडं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. हळद! हळदीतलं काहीतरी डीएनएच्या प्रक्रियेत आडवं येतं आणि ती बंद पाडते. जगातल्या कुठल्या लॅबला ही अडचण आली असेल? लिंक्सला हळद आम्हीच लावली होती.

"पाण्यानं धुऊ?" ती म्हणाली.

"हळद कुठं पाण्यानं जाते? माझी अर्धी कुर्ती पिवळी आहे."

"अल्कोहोल!" ती ओरडली आणि फोन ठेवला.

अल्कोहोलनं हळद गेली. या खेपेला निकाल लख्ख आला: लिंक्स. ती धावत घरी आली, जिना चढताना ओरडत. शेजारचा म्हातारा दार उघडून बघायला आला, तिनं त्यालाही मिठी मारली.

पण लिंडक्विस्टबाई बधल्या नाहीत. एक लिंक्स म्हणजे वाट चुकून कॅनडातून आलेला एखादा नर. पाहुणा. आज आहे, उद्या गेला. राहतात असं म्हणायचं तर वीण झाली पाहिजे, पिल्लं दिसली पाहिजेत. बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मला त्या बाईचा असा राग आला की विचारू नका. नीलांबरी मात्र म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. अजून केस शिल्लक आहेत."

तीन तुकड्यांवरचे केस तिनं वेगवेगळे ठेवले होते. आता प्रत्येकाची पूर्ण ओळख काढायची होती, आणि केस इतके थोडे उरले होते की दुसरी संधी नव्हती. मार्चच्या शेवटी, भर कामाच्या दुपारी, तिचा फोन आला. "आत्ता ये." मी मीटिंग अर्धी सोडून गाडी काढली.

लॅबमध्ये पडद्यावर रंगीत सुळके उभे होते. "मला माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही," ती म्हणाली. "मला हवं तेच मी वाचेन. तू वाच. तुला यातलं काही कळत नाही, म्हणून तूच वाच."

तिनं समजावलं ते एवढंच. डीएनएतल्या प्रत्येक ठिकाणी प्राण्याचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. तीन प्राणी असतील तर तीन जोड्या. पहिला प्राणी मादी आहे, ते आधीच कळलं होतं. मी वाचत गेले, ती माझ्याकडं पाठ करून लिहीत गेली. पहिल्या ठिकाणी मादीचा एक आकडा दुसऱ्या प्राण्यात होता, तिसऱ्यातही होता. योगायोग असेल, मी म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी तसंच. तिसऱ्या ठिकाणी तसंच. पुढंपुढं मला आकडा वाचायच्या आधीच कळायला लागलं, आणि माझा आवाज चढायला लागला. प्रत्येक ठिकाणी! एकही ठिकाण सुटलं नाही. त्या दोघांना आपल्या दोन आकड्यांतला एक हिनंच दिला होता.

"अगं, ही आई आहे!" मी किंचाळले. "संसार आहे यांचा इथं!"

नीलांबरी वळली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. दारात लिंडक्विस्टबाई उभ्या होत्या, आरडाओरडा ऐकून आलेल्या. काय झालं, त्यांनी विचारलं.

नीलांबरीनं खुर्ची रिकामी केली. बाई बसल्या. त्यांनी पहिल्या ठिकाणापासून सगळं स्वतः पाहिलं, बोट पडद्याला टेकवत, एकेक जोडी. आम्ही मागं उभ्या. मी नीलांबरीचा हात इतका घट्ट धरला होता की तिची नखं माझ्या तळव्यात रुतली. शेवटच्या ठिकाणापाशी बाईंचं बोट थांबलं आणि तिथंच राहिलं. या खोऱ्यात कुणी उरलेलं नाही, असं लिहून ठेवलेल्या बाईचं बोट.

"सांग," त्या पडद्याकडं बघत म्हणाल्या.

"ही आई आहे," नीलांबरी म्हणाली. "आणि ही तिची दोन पिल्लं. मागच्या उन्हाळ्यात झालेली असावीत. ते तिथं राहतात, डॉक्टर लिंडक्विस्ट."

बाईंनी चष्मा काढला. एक वाक्य दोनदा न बोलणाऱ्या, न ऐकणाऱ्या त्या बाई आमच्याकडं वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.